पुस्तकाला आपलं मनगट दिसत नाही

लोणावळा लोकलच्या एका टोकाला कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं आणि आसनांनी शरीरात नेमकं काय होतं ते क्ष-किरण आणि दाब मोजायची यंत्रं लावून तपासलं. दुसऱ्या टोकाकडे, शिवाजीनगरला उतरलात की मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगारांची संस्था, १९७५ सालची. मधली स्टेशनं आमची: देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी. योगाची एवढी मोठी दोन घरं एकाच लोकलच्या वाटेवर असूनही आमच्या पट्ट्यातली बरीच माणसं योग शिकतात ती स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून आणलेल्या पुस्तकातून. आळस हे त्याचं कारण नाही. वर्ग भरतो सकाळी सहाला, आणि त्या वेळी कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत असते. संध्याकाळच्या वर्गाला पोचावं म्हटलं तर चाकणचा तळेगाव चौक कधी सोडेल ते सांगता येत नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्याला तर कुठलाच वर्ग लागू पडत नाही. मग पुस्तकच उरतं.

म्हणून पुस्तक घेऊ नका असं मी म्हणणार नाही. कसं वाचायचं, एवढंच सांगते.

मी मोशीत राहते आणि चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर टेपिंगला आहे. गाडीतल्या वायरी बोर्डवर मांडायच्या, डाव्या हातानं एकेक फांदी ताणून धरायची आणि उजव्या हातानं तिच्याभोवती टेपचा रोल फिरवत न्यायचा. रोल बोटांच्या चिमटीत घट्ट, मनगट आत वळलेलं, सगळी शिफ्ट एकाच दिशेनं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना आमच्यातल्या बऱ्याच जणी आधी हात झटकतात. बाहेरच्याला ती सवय वाटेल.

माझ्या पुस्तकाची सुरुवात सूर्यनमस्कारानं होती. महाराष्ट्रात बऱ्याच पुस्तकांची तशीच असते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी नमस्कारांचा एवढा प्रसार केला की आपल्याकडे व्यायाम म्हटलं की आधी नमस्कारच आठवतात. पानावर गुळगुळीत कागदाचे रंगीत फोटो, खाली दोन ओळींची कृती आणि त्याखाली फायद्यांची लांबलचक यादी. नमस्कारात एक गोष्ट फोटोवरून लक्षात येत नाही. हात एकदा जमिनीला टेकले की पुन्हा उभं राहीपर्यंत जागचे हलवायचे नसतात. म्हणजे बहुतेक सगळ्या स्थितींत मनगट काटकोनात मागे वाकलेलं आणि त्यावर कमीजास्त अंगाचा भार. दिवसभर आत वळून आखडलेल्या मनगटाला घरी आल्यावर नेमकं उलट्या टोकाला न्यायचं, तेही वजन टाकून. काही आठवड्यांत रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या यायला लागल्या. हात खाली सोडून झटकला की बरं वाटायचं. सकाळी शर्टाचं बटण लावताना बोटांत धरवायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जातेय. ते दुखणं टेपिंगनं आधीच तयार होत आलं होतं, नमस्कारांनी त्याला वर आणलं. हे लक्षात ठेवा: करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या, विशेषतः रात्री, हे साधं हात भरून येणं नव्हे. त्यावर आसन शोधू नका, डॉक्टरकडे जा. लवकर गेलात तर रात्री पट्टा बांधून झोपणं आणि कामात थोडा बदल यावर बरंचसं भागतं. अंगठ्याखालचा मांसल भाग बसायला लागेपर्यंत थांबलात तर गोष्ट वेगळी.

आता मी नमस्कार करते ते ओट्यावर हात टेकून. ओट्याच्या कडेला तळवे, पाय मागे, पाठ लांब. भार बराच कमी होतो, मनगटाचा कोनही सैल राहतो. जमिनीवर करायचेच असतील तर टॉवेलची घडी तळव्याच्या टाचेखाली घ्या, म्हणजे बोटं खाली आणि टाच किंचित वर राहील. बोटं पसरा आणि तर्जनीच्या मुळाशी दाब द्या. नवखा माणूस सगळा भार करंगळीकडच्या कडेवर टाकतो. घाम आलेल्या हाताचा फरशीवर उमटलेला ठसा बघितलात की लगेच कळतं.

आमच्या मिस्टरांचं दुखणं निराळं, पण मूळ तेच. ते भोसरीला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये आहेत. पायाच्या पॅडलवर चालणारी प्रेस. उजवा पाय पॅडलवर, सगळं अंग डाव्या पायावर. त्यांच्या सेफ्टी शूजचे तळ बघितलेत तर डाव्याची बाहेरची कड झिजून गेलेली आणि उजव्याचा चवडा घासलेला. त्यांना पद्मासन यायला हवं होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच होतं ना.

इथे अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योगा’बद्दल सांगायला हवं. १९६६ साली लंडनहून निघालेलं हे पुस्तक मराठीत ‘योगदीपिका’ म्हणून मिळतं. त्यात सहाशेच्या आसपास फोटो आहेत आणि प्रत्येक आसनाच्या नावापुढे कठीणपणाचा आकडा आहे, एकपासून साठपर्यंत. ताडासनाला एक. पश्चिमोत्तानासनाला सहा. आणि पद्मासनाला फक्त चार! साठातले चार म्हटल्यावर कुणालाही वाटेल, हे तर आठवड्यात जमेल. पण हा आकडा लहानपणापासून मांडी घालून बसलेल्या, उकिडवं बसून वाढलेल्या शरीरालाच परवडतो. आठ तास एका पायावर उभ्या माणसाच्या खुब्याला तो लागू होत नाही.

गुडघा ही दाराची बिजागरी आहे. उघडते आणि मिटते, पिळायची सोय तिच्यात फारशी नाही. पद्मासनातलं वळण खुब्यात व्हायला हवं. खुबा वळला नाही आणि आपण घोटा धरून पाऊल मांडीवर ओढलं, तर तेवढा पीळ गुडघ्याच्या आतली गादी सोसते. मिस्टरांच्या उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला कळ आली आणि त्यानंतर जिना उतरताना गुडघा मधेच अडकायला लागला. अडकणं हे दुखण्यापेक्षा वाईट लक्षण. त्यावर तेल चोळत बसू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

ज्याला पद्मासनाची हौस आहे त्यानं आधी हे करावं. गोधडीची जाड घडी घालून तिच्या कडेवर बसा आणि साधी मांडी घाला. गुडघे खुब्यांपेक्षा वर राहात असतील तर अजून एक घडी. भिंतीला पाठ लावून पायाच्या तळव्याला तळवा जोडायचा, बद्धकोनासन, आणि गुडघ्यांवर हातानं अजिबात दाब द्यायचा नाही. पुढं कधी पाय उचललाच तर गुडघा आधी पुरता मिटवून मग सगळी पोटरी दोन्ही हातांवर उचला, एकट्या पावलाला धरून ओढू नका. मांडीच्या मागे किंवा खुब्यात ताण आला तर चालतो. गुडघ्याच्या आत टोचलं की तिथेच सोडून द्या. वर्षभर साधी मांडीच घातलीत तरी योगात काही उणं पडत नाही.

‘योगदीपिके’च्या शेवटी तीनशे आठवड्यांचा क्रम दिलेला आहे. हे पान फार थोडे लोक उघडतात. पहिल्या पंधरवड्यात मुख्यतः उभ्यानं करायची आसनं आहेत: त्रिकोणासन, पार्श्वकोनासन, वीरभद्रासन. कारखान्यात उभं राहणाऱ्याला वाटतं, उभं राहून तर आयुष्य चाललंय, अजून काय उभं राहायचं? पण कामावर आपण उभे राहतो ते एका पायावर, गुडघा मागे लॉक करून, बुटात बोटं आवळून. या आसनांत दोन्ही पायांवर सारखा भार टाकावा लागतो आणि तो टाकता येत नाही हे तेव्हाच कळतं. अनवाणी उभं राहून बोटं वेगळी करून बघा. स्टीलच्या टोकाच्या बुटात वर्षं काढलेल्या माणसाला करंगळी वेगळी हलवताही येत नाही.

त्याच पहिल्या पंधरवड्यात सर्वांगासन आणि हलासनही येतात, आणि तिथे मात्र मी पुस्तकावर विसंबू नका म्हणेन. अय्यंगारांच्या संस्थेतल्या वर्गात नवख्याला सर्वांगासन देताना खांद्यांखाली ब्लँकेटच्या नीट घड्या घालतात. डोकं खाली जमिनीवर आणि खांदे उंचावर, म्हणजे मानेवर भार येत नाही. फोटो बघून सतरंजीवर पाय वर टाकणाऱ्याला हे कोण सांगणार? मानेचा त्रास, रक्तदाब, काचबिंदू असेल किंवा पाळी चालू असेल तर हे आसन नकोच. त्याऐवजी भिंतीला पाय टेकवून उताणं पडा. बसमध्ये पाय लोंबकळून सुजलेले असतात, त्यांना याच्याइतकं सुख दुसरं नाही.

पुस्तक निवडताना मी आता एवढंच बघते: फायद्यांची यादी कृतीपेक्षा लांब असेल तर पुस्तक जागेवर ठेवून द्यायचं. आसनात जायचं कसं हे सगळे लिहितात. बाहेर कसं यायचं, अर्ध्यावर थांबायचं तर कुठे, आणि कुणी करू नये, हे जे लिहितं ते पुस्तक कामाचं. आणि वाचायचं दुसऱ्या कुणी. आसनात असताना मान वळवून पानात डोकावणं हाच मानेला धोका. आमच्याकडे लेक वाचते, आठवीतली. तिला कंटाळा आला की ती भराभर वाचते, मग मी ओरडते. पण एक गोष्ट ती नेमकी करते: मी फोटोसारखं व्हायची घाई केली की म्हणते, “थांब गं आई, अजून ओळ संपली नाही.” मोबाईल उभा करून बाजूनं फोटो काढते, आधी डावीकडचा, मग उजवीकडचा. त्या दोन फोटोंची तुलना करायची. पुस्तकातल्या माणसाशी नाही.

वेळेचं काय? जड जेवणानंतर निदान चार तास जाऊ द्यावेत, हे ‘योगदीपिके’त आहे, अगदी रिकाम्या पोटी जमत नसेल तर आधी कपभर चहा-दूध चालेल, असंही आहे. सेकंड शिफ्टचा माणूस रात्री एकला जेवतो आणि नऊला उठतो, त्याची सकाळ ती. थर्ड शिफ्ट करून आल्यावर मात्र कपालभाती, भस्त्रिका वगैरे काहीही करू नये. झोप झालेली नसते, चक्कर येते. रक्तदाब, हर्निया असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हे प्रकार शिफ्ट कुठलीही असो, वर्ज्य. पुस्तकातला प्राणायामाचा भाग शेवटी असतो तो शेवटीच राहू द्या. शवासन पुरेसं आहे, आणि झोप लागली तर लागू द्या. आणि एक आमच्या शहराची अडचण: पाणी एक दिवसाआड येतं. ज्या सकाळी पिंपं भरायची असतात त्या सकाळी आसनं होत नाहीत, हे मान्य करून टाका. पिंपं हलवून लगेच घाईघाईत वाकलं की कंबर धरते.

२१ जूनला आमच्या कॅन्टीनमध्ये योगदिन होतो. पांढरे टी-शर्ट, स्टेजवर शिक्षक, फोटो. मी गेल्या वेळी शिक्षकांना बाजूला गाठून मनगटाचं विचारलं. त्यांनी आधी काम काय करतेस ते विचारलं आणि टेपिंग करून दाखवायला सांगितलं. मी हवेतच रोल फिरवून दाखवला. पुस्तक हे विचारत नाही, म्हणून शिक्षकाकडे वर्षातून दोनदा का होईना जा; सुट्टीच्या दिवशी लोकलनं लोणावळ्याला किंवा शिवाजीनगरला, नाहीतर जवळ कुणी जाणता असेल तर त्याच्याकडे. नाव-गाव आणि वय सांगाल तसं काम सांगा: उभं की बसून, कुठला हात, कुठला पाय, किती वजन, कुठल्या बाजूला वळून. रोज वापरायचे बूट पिशवीत घालून न्या आणि त्यांचे तळ दाखवा. नस दाबलेली असेल तर डॉक्टरांचा कागदही.