घटस्फोट : तीन रस्ते आणि त्यांचा खर्च

१८८४ साली दादाजी भिकाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला : पत्नी रखमाबाईंनी नांदायला यावे. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम झाला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. चार वर्षे गाजलेला खटला अखेर तडजोडीने मिटला. रखमाबाईंना लढणे भाग होते, कारण त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. आज गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जोडप्यापुढे तीन रस्ते आहेत. कोणता धरायचा हे रागाच्या भरात ठरवू नका, हिशेब मांडून ठरवा. पुढची माहिती हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार आहे. नोंदणी विवाह केलेल्यांना विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो आणि त्यातही संमतीने घटस्फोटाची सोय आहे.

पहिला रस्ता : कोर्टात लढणे

मुंबईचे कुटुंब न्यायालय वांद्रे पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. चर्नी रोड किंवा दादरहून पश्चिम रेल्वेने वांद्र्याला उतरायचे. करी रोड, चिंचपोकळीकरांना दादरला गाडी बदलावी लागते. एका तारखेला बहुतेक अख्खा दिवस जातो, म्हणून कामावरचा खाडाही खर्चातच धरा.

कोर्ट फी हा या खर्चातला सर्वांत लहान भाग आहे. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. खरा पैसा तारखांवर जातो. हिशेबासाठी असे धरू की वकील तारखेला ५,००० रुपये घेतात, वर्षाला दहा तारखा पडतात आणि खटला तीन वर्षे चालतो. म्हणजे दीड लाख रुपये. दर तारखेला बुडणारा रोज १,००० धरला तर आणखी ३०,०००. घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा अर्ज आणि घरगुती हिंसाचाराचे प्रकरण अशा तीन जागी वकील उभा करायचा, तर ही रक्कम तिप्पट होऊ शकते. यात तुमच्या वकिलाचे दर घाला आणि बेरीज स्वतः करा.

तरीही काही घरांना हाच रस्ता योग्य असतो. मारहाण होत असेल, जोडीदार उत्पन्न लपवत असेल, मुलाला दडवून ठेवले असेल किंवा समोरचा बोलायलाच तयार नसेल, तर कोर्टाचा हुकूमच लागतो. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार संरक्षण, निवास आणि खर्चाचा आदेश दंडाधिकाऱ्याकडून मिळतो. त्यासाठी वांद्र्याला जायची गरज नाही, गिरगाव, भोईवाडा, शिंदेवाडी इथली न्यायालये जवळ आहेत. अंतरिम पोटगीबाबत सुप्रीम कोर्टाचा ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल लक्षात ठेवा : दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची.

दुसरा रस्ता : मध्यस्थी आणि संमती

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. तिथे विवाह समुपदेशक असतात आणि न्यायालय प्रकरण मध्यस्थाकडेही पाठवते. न्यायालयामार्फत होणाऱ्या या मध्यस्थीला पक्षकारांकडून फी घेतली जात नाही. खासगी मध्यस्थ बैठकीप्रमाणे फी घेतो आणि ती सहसा दोघे निम्मी-निम्मी भरतात. मध्यस्थ निकाल देत नाही, तो दोघांना बोलते करतो. घटस्फोट मात्र न्यायालयाच्या हुकमानेच होतो. नोटरीपुढे केलेल्या फारकतनाम्याने सर्वसाधारणपणे हिंदू विवाह मोडत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कलम १३-ब नुसार संमतीच्या अर्जासाठी जोडपे वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळे कुठे राहायचे, हा चाळीतला रास्त प्रश्न आहे. ‘सुरेष्टा देवी’ (१९९१) निकालात सुप्रीम कोर्टाने त्याचे उत्तर दिले : एका छपराखाली असूनही पती-पत्नी म्हणून न राहणे हे वेगळे राहणेच होय. त्याच निकालानुसार हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी हातात देऊ नका. काही पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली अंतिम हुकमाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, असे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींत, लिहा.

पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचे अंतर असते. दीड वर्ष वेगळे राहून झाले असेल, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न मिटला असेल आणि समेटाची आशा नसेल, तर ‘अमरदीप सिंग’ (२०१७) निकालाच्या आधारे ही मुदत माफ करण्याचा अर्ज करता येतो. संमतीच्या हुकमावर सहसा अपील होत नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या वकिलाकडून मसुदा वाचून घ्यावा. दोघांत मिळून एकच वकील करण्यात फी वाचते, पण मग तुमची बाजू पाहणारे कोणी उरत नाही.

तिसरा रस्ता : कोलॅबोरेटिव्ह पद्धत

१९९० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिसचे वकील स्टुअर्ट वेब यांनी ही पद्धत सुरू केली. दोघांचे वेगळे वकील असतात, पण चौघेही लेखी करार करतात की कोर्टात लढायचे नाही आणि सगळी कागदपत्रे उघड करायची. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकील बाजूला होतात. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, सारे त्या करारावर उभे असते. इथे दोन वकिलांची फी पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि जमले नाही तर नव्या वकिलाला पुन्हा सगळे समजावण्याचा खर्च येतो. धंदा, भागीदारी, अनेक मालमत्ता असलेल्या आणि एकमेकांच्या शब्दावर भरवसा उरलेल्या जोडप्यालाच ही पद्धत परवडते.

घराचा प्रश्न आधी सोडवा

आपल्या भागात भांडण बहुतेक खोलीपाशी अडते. त्यासाठी हे तपासा :

- पागडीची खोली : भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? नाव बदलायला घरमालकाची संमती लागते आणि तो रक्कमही मागतो. ती कोण भरणार, ते लिहा.
- पुनर्विकास : नवे घर कोणाच्या नावावर होणार आणि तोवरचे बिल्डरचे भाडे कोणाला मिळणार? करारनाम्याची प्रत आताच मिळवा.
- गिरणी कामगारांचे म्हाडाचे घर : हस्तांतरावरच्या अटी वाटपपत्रात वाचा.
- सासऱ्यांच्या नावावरचे घर : ‘सतीश आहुजा’ (२०२०) निकालानुसार ते सामायिक घर ठरू शकते आणि सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो. मालकी मात्र मिळत नाही.
- फ्लॅट जोडीदाराला देणार असाल : महाराष्ट्रात पती-पत्नीतील निवासी घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. हुकूम झाल्यावर पती-पत्नीचे नाते उरत नाही, म्हणून दस्ताची वेळ वकिलाशी आधीच ठरवा.

एकरकमी पोटगी आणि मासिक पोटगी यांत करही मोजा. मुंबई हायकोर्टाच्या प्रतापगडच्या प्रिन्सेस महेश्वरी देवी प्रकरणातील निकालानुसार एकरकमी पोटगी उत्पन्न धरली जात नाही, मासिक पोटगी धरली जाते. मुलांची पोटगी मात्र सौद्यात सोडू नका. आईबापांनी ती सोडली तरी मुलाचा हक्क जात नाही.

वकिलाला विचारा

फी तारखेला की एकरकमी? नुसती पुढची तारीख पडली तरी पूर्ण फी द्यायची का? मसुदा, टायपिंग, नक्कल यांचे पैसे वेगळे का? मध्येच तडजोड झाली तर फी किती कमी होईल? उत्तरे लेखी घ्या आणि दर वेळी पावती मागा.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००.

आमचा सल्ला

अंगाला धोका असेल किंवा पैसा लपवला जात असेल तर आधी कोर्ट. दोघे खरे बोलायला तयार असतील तर न्यायालयातली मध्यस्थी, सोबत प्रत्येकाचा वेगळा वकील. मालमत्ता मोठी, भरवसा शाबूत आणि दोन वकिलांची ऐपत असेल तरच तिसरा रस्ता. आणि कोणताही रस्ता धरा, भाडेपावती, पासबुक, पगारपत्रक, दागिन्यांची यादी आणि मुलांच्या शाळेच्या पावत्या यांच्या प्रती आजच काढून ठेवा.