शस्त्रक्रियेची चित्रफीत आणि तिची पारख

शस्त्रक्रिया ही विद्या केवळ ग्रंथवाचनाने साध्य होत नाही. हातांनी करावयाचे काम आधी डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणूनच शल्यविद्येचा विद्यार्थी गुरूच्या शेजारी उभा राहून त्याचे हात न्याहाळीत शिकत आला आहे. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती जागा थोडी असते. मागे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यास पुष्कळदा पुढच्याची पाठच तेवढी दिसते. चलच्चित्राचा शोध लागला तेव्हा ही अडचण दूर होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

पॅरिस येथील शल्यविशारद यूजेन द्वायँ यांनी १८९८ साली आपल्या शस्त्रक्रियांचे चित्रीकरण करविले. १९०२ साली त्यांनी ओरिसात जन्मलेल्या, देहाने परस्परांस जोडलेल्या राडिका व डूडिका या जुळ्या बहिणींना शस्त्रक्रियेने विलग केले. डूडिका क्षयाने पीडित होती. ती लवकरच मरण पावली, आणि पुढील वर्षी राडिकाही गेली. या शस्त्रक्रियेचेही चित्रीकरण झाले होते. द्वायँ यांच्या चित्रीकरणकाराने त्यांच्या चलच्चित्रांच्या प्रती परस्पर विकल्या आणि त्या जत्रांतून करमणुकीसाठी दाखविल्या जाऊ लागल्या. द्वायँ न्यायालयात गेले व १९०५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. शिक्षणासाठी घेतलेले चित्र नुसत्या कुतूहलाचा विषय होऊ शकते, हे इतक्या आरंभीच दिसून आले. चित्र कोणी, कशासाठी व कोणापुढे दाखविले, यावर त्याचे शैक्षणिक मोल अवलंबून असते.

पडद्यावरील शस्त्रक्रिया

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाला निराळे वळण लागले. १९८५ साली जर्मनीतील एरिश म्यूहे यांनी पोट मोठे न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे आत घालून रोगग्रस्त पित्ताशय काढून टाकले. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी केली. आज ती जगात सर्वत्र रूढ आहे.

या पद्धतीत कॅमेऱ्याने टिपलेले पोटातील दृश्य पडद्यावर उमटते आणि शल्यविशारद स्वतःच त्या पडद्याकडे पाहून काम करतो. तेच दृश्य साठवून ठेवले की चित्रफीत तयार होते. म्हणजे शल्यविशारदाच्या डोळ्यांना जे दिसले, तेच विद्यार्थ्यालाही जसेच्या तसे पाहता येते. २००५ साली यूट्यूब सुरू झाल्यावर अशा चित्रफिती कोणालाही प्रसृत करता येऊ लागल्या व कोणालाही विनामूल्य पाहता येऊ लागल्या. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर व अध्यापक यांना शस्त्रक्रियेच्या पूर्वतयारीविषयी प्रश्न विचारण्यात आले होते. त्याचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. दहांपैकी नऊ जण तयारीसाठी चित्रफिती पाहत होते, आणि त्यांतील बहुतेकांचे साधन यूट्यूब हेच होते.

ग्रंथ छापला जाण्यापूर्वी संपादक तो तपासतो, वर्गातील पाठाला अध्यापक जबाबदार असतो. यूट्यूबवरील चित्रफितीस मात्र अशा कोणत्याही तज्ज्ञाच्या परीक्षेतून जावे लागत नाही. तेव्हा तिची पारख करण्याचे काम पाहणाऱ्याच्याच माथी येते.

काय दिसले पाहिजे?

ही पारख किती महत्त्वाची आहे, हे पित्ताशयाच्याच उदाहरणावरून स्पष्ट होईल. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगास चिकटलेली एक लहान पिशवी होय. ती एका अरुंद नलिकेने मुख्य पित्तनलिकेस जोडलेली असते. यकृतात तयार होणारे पित्त या मुख्य नलिकेतून आतड्यात जाते. शस्त्रक्रियेत पित्ताशयाची अरुंद नलिका व त्यास रक्त पुरविणारी रोहिणी या दोहोंस चिमटे लावून त्या कापावयाच्या असतात. मुख्य नलिका मात्र अबाधित राहिली पाहिजे. ती चुकून कापली गेल्यास पित्त पोटात झिरपते, कावीळ होते, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि प्रसंगी रुग्णाचे प्राणही जातात.

अशा २५२ इजांचे विश्लेषण अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९७ टक्के प्रकरणांत चुकीचे मूळ दृष्टिभ्रमात होते. हाताचे कौशल्य उणे पडले असे नव्हे, तर मुख्य नलिकाच अरुंद नलिका भासली. आपण योग्य तेच कापीत आहो, अशी शल्यविशारदाची खात्री होती.

या भ्रमावर उपाय म्हणून स्टीव्हन स्ट्रासबर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली एक नियम मांडला. त्यास सुरक्षिततेचे निर्णायक दर्शन म्हणता येईल. काहीही कापण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत : पहिली, पित्ताशय व यकृत यांजवळील त्रिकोणी भागातील चरबी व तंतू पूर्णपणे दूर झालेले असावेत, दुसरी, पित्ताशयाचा खालचा सुमारे एकतृतीयांश भाग यकृतापासून सुटा झालेला असावा, आणि तिसरी, पित्ताशयात दोन आणि दोनच रचना शिरताना दिसाव्यात. या तिन्ही गोष्टी दिसल्यावाचून चिमटा लावू नये, हा या नियमाचा आशय होय.

साहजिकच, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या चित्रफितीत पहिल्याने पाहावयाचे ते हे तीन पुरावे. चित्र कितीही स्वच्छ असो, हात कितीही चपळ असोत; हे पुरावे दाखविल्याविना नलिका कापली असेल, तर तो पाठ सदोष होय. त्या एका रुग्णास इजा झाली नसेलही. परंतु पाहणारा विद्यार्थी तीच घाई उद्या दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत करील.

लोकप्रियता ही कसोटी नव्हे

अमेरिकेतील शल्यविशारदांनी सर्वांना खुल्या असलेल्या अशा चित्रफिती तपासून २०१७ व २०१८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुष्कळांनी पाहिलेल्या चित्रफितींतही सुरक्षिततेचे दर्शन अनेकदा अपुरे असल्याचे त्यांना आढळले. पाहणाऱ्यांची संख्या आणि शिकवणुकीची सुरक्षितता यांचा मेळ बसत नव्हता.

याचे कारण समजण्याजोगे आहे. झटपट पार पडलेली, रक्तस्राव नसलेली शस्त्रक्रिया डोळ्यांस सुखावते. चिकटलेले भाग धीमेपणाने सोडविण्याचे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून संकलनाच्या वेळी तोच भाग गाळला जातो. परंतु विद्यार्थ्यास शिकावयाचे असते ते नेमके तेथे : संशय आला असता कोठे थांबावे, आणि धोका दिसताच बेत कसा बदलावा. सुलभ शस्त्रक्रियाच पाहिलेल्या विद्यार्थ्यास कठीण शस्त्रक्रिया अपवादात्मक भासू लागते.

परीक्षणाच्या पद्धती

चित्रफितीवरून कौशल्याची पारख करता येते काय? अमेरिकेतील मिशिगन राज्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यविशारदांनी आपली प्रत्येकी एक चित्रफीत दिली. ती कोणाची आहे हे न सांगता समव्यवसायी तज्ज्ञांकडून तिला गुण देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या चौथ्या हिश्शातील शल्यविशारदांच्या रुग्णांपैकी १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली होती. सर्वांत वरच्या चौथ्या हिश्शात हे प्रमाण ५.२ टक्के होते. तज्ज्ञांना पडद्यावर दिसलेला फरक रुग्णांच्या वाट्यास आलेल्या परिणामांशी जुळत होता.

शिक्षणासाठी चित्रफीत कशी असावी, याविषयी निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन लॅप-व्हेगास या नावाची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ साली प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव व संस्था दिलेली असावी. रुग्णाची ओळख मात्र कोठेही उघड होऊ नये. रुग्णाची पूर्वस्थिती व तपासण्या, त्यास टेबलावर कसे निजविले, छिद्रे कोठे घेतली, हे सांगावे. शस्त्रक्रियेचे टप्पे क्रमाने दाखवावेत, सोबत निवेदन असावे आणि अखेरीस परिणाम कळवावा. २०२० साली या तत्त्वांवरून ९ मुद्द्यांची गुणपत्रिका तयार झाली. प्रत्येक मुद्द्यास अधिकांत अधिक २ गुण, म्हणजे एकूण १८.

पाहणे आणि करणे

चित्रफीत निर्दोष असली तरी एक मर्यादा उरतेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय प्रयोगांत, भांडी जागच्या जागी ठेवून खालचे मेजवस्त्र झटक्यात ओढून घेण्याच्या खेळासारख्या कृती लोकांना पुनःपुन्हा दाखविण्यात आल्या. जितक्या वेळा पाहावे तितका ‘मला हे जमेल’ हा विश्वास वाढत गेला. प्रत्यक्ष कृती मात्र सुधारली नाही. शल्यविद्येत हा फोल विश्वास घातक ठरेल. म्हणून चित्रफितीनंतर कृत्रिम प्रतिकृतीवरील सराव, आणि त्यानंतर अनुभवी गुरूच्या देखरेखीखालील काम, हा क्रम सोडता येत नाही.

सारांश, चित्रफितीने शस्त्रक्रियागृहाची भिंत दूर केली आणि दूरच्या गावातील विद्यार्थ्यासही जगातील निष्णात हातांचे दर्शन घडविले, हा मोठाच लाभ होय. परंतु ‘हे किती सफाईने केले?’ एवढेच विचारून थांबणे पुरेसे नाही. ‘हे करण्यापूर्वी कोणता पुरावा पाहिला आणि तो मला दाखविला काय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याच्या अंगी बाणली, त्याच्याच हाती उद्याचा रुग्ण सुरक्षित राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचे प्रमुख कारण कोणते? केवळ हाताचे कौशल्य वाढवून ते दूर होईल काय?
२. सुरक्षिततेच्या निर्णायक दर्शनाचे तीन भाग सांगा.
३. पुष्कळांनी पाहिलेली चित्रफीत उत्तम असेलच असे का म्हणता येत नाही?
४. आपल्या शाळेतील एखाद्या प्रयोगाची चित्रफीत करावयाची असल्यास तिच्यात कोणते पुरावे दाखवाल, याची यादी करा.