मुलाची फाइल ट्रकमध्ये नको

नवी नोकरी दुसऱ्या राज्यात लागली की आपल्या घरात आधी बोलणं होतं ते भाड्याचं आणि शाळेच्या रेटिंगचं. मग मूव्हर्स, लीज, गाडीचं रजिस्ट्रेशन. मुलाच्या आयईपीची, म्हणजे खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेल्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याची, फाइल आठवते शेवटच्या आठवड्यात, आणि तोवर ती कुठल्यातरी खोक्यात टेप लावून बंद झालेली असते. सगळ्यांच्याच घरी हे होतं. इतकी कामं अंगावर असताना आणखी काय काय लक्षात ठेवणार?

आम्ही न्यू जर्सीहून टेक्सासला आलो तेव्हा माझ्या मनात एक विचार सारखा येत होता. तुमच्याही मनात येत असेल, म्हणून सांगते. ‘नव्या शाळेत काही बोलायलाच नको. इथे कुणी ओळखत नाही, पाटी कोरी आहे. कदाचित इथे आपल्या मुलाला कुणी वेगळं समजणार नाही.’

या विचारामागे मायाच असते. पण पाटी आपल्यासाठी कोरी असते, मुलासाठी नाही. गोंगाटाचा त्रास, अडखळणारी वाक्यं, सगळं त्याच्याबरोबरच येतं. मागे राहतात ती फक्त त्याला समजून घेणारी माणसं. मग नव्या बाईंना दिसतो तो ‘न ऐकणारा’ मुलगा, आणि पहिला महिना ओरडा खाण्यात जातो. तेव्हा सांगाच, आणि नाव घालतानाच सांगा.

अमेरिकेतला कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. 1975 साली झालेल्या आणि 1990 पासून ‘आयडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार, चालू आयईपी असलेलं मूल वर्षाच्या मध्येच दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये गेलं तर नव्या डिस्ट्रिक्टला आधीच्या तोडीच्या सेवा द्याव्याच लागतात, त्याही पालकांशी बोलून. राज्य तेच असेल तर जुना आयईपी स्वीकारेपर्यंत किंवा नवा करेपर्यंत. राज्य बदललं तर गरज वाटल्यास नवं मूल्यमापन होतं, पण तेवढ्यासाठी स्पीच थेरपी थांबवता येत नाही. बदली उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली तरी शाळा उघडेल त्या दिवशी आयईपी लागू असला पाहिजे. ‘आधी तपासू, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, ‘तोपर्यंत त्याला काय मिळणार? ते लिहून द्याल का?’

‘तोडीच्या’ म्हणजे हुबेहूब त्याच नव्हेत. तीच थेरपिस्ट, तोच छोटा वर्ग मिळेलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर, राज्य बदललं की पात्रतेचे निकषही थोडे बदलतात. नवं मूल्यमापन आपल्या संमतीनेच होतं, पण निकाल वेगळा लागू शकतो. ही धाकधूक मला ठाऊक आहे. त्या दिवसांत झोप लागत नाही.

नावंही बदलतात. न्यू जर्सीत ‘चाइल्ड स्टडी टीम’ म्हणायची सवय झालेली, इथे टेक्सासात आयईपीच्या बैठकीला सगळे ‘आर्ड मीटिंग’ म्हणतात. पहिल्या फोनवर गोंधळायला होतं. न लाजता विचारायचं.

कागद मागवणं नव्या शाळेचं काम, आणि ते लवकर पाठवणं जुन्या शाळेचं. पण या ‘लवकर’ला केंद्राच्या कायद्यात दिवसांचा आकडा नाही. म्हणून चालू आयईपी, शेवटचा मूल्यमापन अहवाल आणि प्रगतीचे रिपोर्ट यांची एक प्रत तुमच्या हातातल्या बॅगेत असू द्या, पासपोर्टच्या शेजारी. निघण्याआधी जुन्या शाळेकडे मागितलीत की मिळते, तुमचा हक्कच आहे तो.

भारतातून थेट येत असाल तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या थेरपिस्टचे अहवाल जरूर आणा, उपयोगी पडतात. पण इथे आयईपी नव्याने व्हावा लागतो. मूल्यमापनाची विनंती लेखी करा, ईमेल पुरते. आणि मूल घरी मराठीच बोलत असेल तर ते स्पष्ट सांगा. इंग्रजी न येणं आणि शिकण्यातली अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जे कुठल्याच अहवालात नसतं, त्याबद्दल. आमच्या मुलाच्या जुन्या बाकाच्या कडेला वेल्क्रोची एक पट्टी होती, त्यावर दिवसाची चित्रं. गणित झालं की तो ते चित्र काढून डबीत टाकायचा, मग त्याचे खांदे सैल पडायचे. आयईपीत याला ‘दृश्य वेळापत्रक’ एवढंच म्हटलं होतं. ती डबी कुणाला कळणार? म्हणून मी एका पानावर लिहून दिलं: फायर ड्रिलच्या आधी सांगा. ‘हात धुवायचेत’ म्हणाला तर त्याला वर्गाबाहेर पडायचंय, जाऊ द्या. चित्र काढून डबीत टाकणं त्याचं त्यालाच करू द्या. नव्या बाईंनी ते पान जाड आयईपीच्या आधी वाचलं. तुम्हीही असं एक पान लिहा, जुन्या बाईंनाही दोन ओळी मागा.

आणि मुलाला सांगायचं विसरू नका. बोलता न येणाऱ्यालासुद्धा. आपण त्याला त्रास नको म्हणून शेवटपर्यंत गप्प राहतो, आणि मग एका सकाळी त्याच्या पलंगाची जागाच नाहीशी होते. रविवारी नव्या शाळेच्या मैदानावर नेऊन आणा, दाराचा फोटो काढा, तो रोज दाखवा. जुन्या बाईंचा निरोप नीट घेऊ द्या. रडला तर रडू द्या.

पहिल्या मीटिंगला टेबलापलीकडे पाचसहा माणसं बसलेली असतात आणि आपण एकटे. सगळ्यांसमोर समजल्यासारखी मान हलवली जाते. तसं करू नका. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, त्याची सोय शाळेने करायची असते. प्रत्येक राज्यात पालकांना मोफत मार्गदर्शन करणारं निदान एक केंद्र असतं, मीटिंगच्या आधी तिथे फोन करा. आणि समोर कागद आला तर लगेच सही करू नका. ‘घरी नेऊन वाचते, मग कळवते’ एवढं म्हणा.