उत्तराची घाई

पालकांनो, जूनमध्ये औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर जरा उभं राहून पाहा. आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात गाईड नाहीतर उत्तरांसहित प्रश्नसंच असतो. पोरगं एका गणितावर अर्धा तास अडलं की त्याच्याआधी आपलाच जीव वरखाली होतो. मागे उत्तर दिलंय ना, बघ आणि पुढचं घे! या घाईबद्दलच बोलायचं आहे.

इचलकरंजीचे सुभाष खोत 1995 साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आले. गणित ऑलिंपियाडची दोन रौप्यपदकंही त्यांच्या नावावर होती. आपल्या हिशेबी गोष्ट इथेच संपते, पेढे वाटून होतात. जगानं त्यांना मान दिला तो मात्र न सुटलेल्या प्रश्नासाठी. 2002 साली, प्रिन्स्टनला पीएच.डी. करताना, त्यांनी ‘युनिक गेम्स’ नावाची अटकळ मांडली. ती खरी असेल, तर कित्येक प्रश्नांची अचूक सोडाच, बऱ्यापैकी जवळची उत्तरंही संगणकाला झटपट काढता येणार नाहीत. या कामासाठी 2014 मध्ये त्यांना नेवानलिना पारितोषिक मिळालं.

असल्या अवघडपणाचा उपयोग काय? तुमचा मोबाइलवरचा बँकव्यवहार त्याच्याच भरवशावर चालतो. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो. गुणाकारावरून त्या संख्या शोधताना संगणक हात टेकतो. आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत यावरच उभी आहे. मोठ्या क्वांटम संगणकापुढे ती टिकणार नाही, म्हणून 2024 मध्ये अमेरिकेनं नवी मानकं जाहीर केली. त्यांतली दोन ‘लॅटिस’च्या, म्हणजे ठरावीक अंतरांवर मांडलेल्या बिंदूंच्या जाळीच्या, गणितावर बेतलेली आहेत. लॅटिसमधला सर्वांत आखूड सदिश अंदाजानं शोधणंही किती कठीण, यावर खोतांचा 2005 चा महत्त्वाचा शोधनिबंध आहे.

आयर्लंडची सारा फ्लॅनरी तर 1999 मध्ये, सोळाव्या वर्षीच, गुप्तलेखनाच्या नव्या पद्धतीमुळे गाजली. तिचे वडील स्वयंपाकघरातल्या फळ्यावर कोडी लिहून ठेवत. पुढे तिची पद्धत फोडता येते असं निघालं. तिनं ते स्वतःच निबंधात मांडलं. नंतर केंब्रिजला संगणकशास्त्र शिकून ती सॉफ्टवेअरच्या कामात गेली. हुशारी वाया गेली, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत.

तेव्हा घरात एक फळा टांगा. त्यावरचं कोडं आठवडाभर तसंच राहिलं तरी पुसू नका. उत्तर तुम्हालाही येत नसेल, तर मुलाला सरळ तसं सांगा. खोतांची अटकळही आजवर कुणाला सिद्ध करता आलेली नाही, की खोटी ठरवता आलेली नाही.