दोन यमुना आणि नाथानाची कथा

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१-७, मार्क ७:८-१३, लूक १०:२५-३७

कथा-कादंबऱ्यांच्या वाचनाने वडीलधाऱ्यांचा व रूढींचा मान राहत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. पवित्र शास्त्र याविषयी काय दाखविते, ते पाहू.

नाथान दावीद राजावर उघड आरोप करीत नाही. तो एका श्रीमंताची, एका गरिबाची व त्याच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. गोष्टीत नाव नाही, गाव नाही. म्हणून राजा निःशंकपणे न्याय करितो, आणि तो न्याय त्याच्यावरच उलटतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात प्रभू येशूही हेच करितो. याजक व लेवी निघून जातात, तुच्छ मानलेला परका थांबतो, आणि शेवटचा निर्णय शास्त्र्यालाच द्यावा लागतो. कथा हुकूम करीत नाही. ती ऐकणाऱ्याला न्यायासनावर बसविते.

बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेव्हा हीच वाट धरली. विधवाविवाहाला आदल्याच वर्षी कायद्याने मान्यता मिळाली होती. परंतु कायदा माजघरात पोहोचत नाही. पदमनजींनी प्रवासाची योजना केली. यमुना व तिचा पती विनायक गावोगावी फिरतात, विधवांची दुःखे पाहतात. पुढे यमुना स्वतःच विधवा होते. तोवर वाचक तिचा सोबती झालेला असतो. आता रूढीचा घाव त्यालाही लागतो.

दुसरी यमुना कावेरीकाठची. ति. जानकीरामन यांच्या ‘मोहमुळ्’ या तमिळ कादंबरीचे बरेचसे कथानक कुंभकोणम येथे घडते. या यमुनेची आई तंजावरची मराठी स्त्री, वडील तमिळ ब्राह्मण. आईबापांच्या या संबंधामुळे तिचे लग्न जुळत नाही. लेखक समाजाला दूषणे देत बसत नाही. तिच्याहून लहान असलेल्या बाबूच्या आदराने भरलेल्या दृष्टीतून तो तिला दाखवितो. तिचा दोष कोणता, हे वाचकाने सांगावे.

मग सर्वच परंपरा टाकाऊ काय? नाही. मार्क ७ मध्ये प्रभू देवाची आज्ञा व मनुष्यांचा संप्रदाय यांत भेद करितो. ‘कुर्बान’ म्हणून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्या चालीला तो दोष देतो. म्हणजे त्याच्या प्रश्नाने वडीलधाऱ्यांचा मान घटला नाही, उलट राखला गेला.

‘यमुनापर्यटन’ वाचून दुसऱ्यांच्या रूढींना नावे ठेवणे आपल्याला सोपे जाते. परंतु त्याच तंजावर प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या वेळीही जातवार वेगळे बसण्याची चाल होती. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली जातिभेद सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा मोठा विरोध झाला. विरोध करणारेही शास्त्र वाचणारेच होते.

वाचकहो, दाविदाचा राग खरा होता. केवळ तो माणूस आपणच, हे त्याला दिसले नव्हते.

चिंतनासाठी :
१. आपल्या मंडळीतील कोणती चाल देवाच्या आज्ञेवर उभी आहे, व कोणती केवळ सवयीवर?
२. आपल्या घरातील विवाह ठरविताना आपण जात पाहतो काय?
३. नाथान आज आपल्याकडे आला, तर कोणाची गोष्ट सांगेल?