‘गण’ शब्द एक, अर्थ दोन : वनस्पती-वर्गीकरण आणि द्रव्याची ओळख

पनवेल आणि आयुर्वेदीय औषधनिर्मिती यांचे नाते दीडशे वर्षांचे आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे श्री धूतपापेश्वर या औषधी कारखान्याची स्थापना केली. त्या काळी वैद्य अनेक वनस्पती रानात उभ्या असतानाच ओळखीत. आज आपल्या हाती येते ते बहुधा सुकलेले खोड, साल किंवा चूर्ण. पाने-फुले नसलेल्या द्रव्याच्या बाबतीत पोत्यावरील नावावर विसंबावे लागते. म्हणून हे नाव कसे ठरते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

आपल्या आचार्यांनी वनस्पतींचे वर्गीकरण दोन दृष्टींनी केले. पहिली दृष्टी बाह्य स्वरूपाची. फुलांवाचून फळे येतात ती वनस्पती, फुले येऊन फळे येतात तो वानस्पत्य, पसरते ती वीरुध आणि फळ पक्व होताच नष्ट होते ती ओषधी. दुसरी दृष्टी कर्माची. चरकाचार्यांचे ५० महाकषाय व सुश्रुताचार्यांचे ३७ गण या दृष्टीतून सिद्ध झाले.

आधुनिक पद्धतीचा पाया स्वीडनच्या कार्ल लिनियसने घातला. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन पदांचे नाव दिले. तो स्वतः वैद्यकाचा पदवीधर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा (१६७८ ते १६९३) आधार घेतला. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अपूभट या कोकणी विद्वानांचा वाटा होता. आपल्या परंपरेचे ज्ञान असे या नव्या शास्त्राच्या मुळाशीही पोहोचले आहे.

या पद्धतीत सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा उतरत्या पायऱ्या आहेत. गुळवेलीचे उदाहरण घेऊ. तिचा गण रॅननक्युलेलीस, कुल मेनिस्पर्मेसी, प्रजाती टिनोस्पोरा आणि जाती कॉर्डिफोलिया. याच गणात दारुहळद, वत्सनाभ आणि अफूही येतात. मात्र या चार द्रव्यांना कोणताही वैद्य एकमेकांच्या जागी वापरणार नाही. उलट चरकोक्त शोथहर महाकषाय, म्हणजेच दशमुळाची दहा द्रव्ये, सहा भिन्न कुलांतील आहेत. वनस्पतिशास्त्राचा ‘गण’ नाते सांगतो, आपला ‘गण’ कर्म सांगतो. दोन्ही अर्थ आपापल्या जागी खरे आहेत. घोटाळा होतो तो एकाचे काम दुसऱ्याकडून अपेक्षिल्यामुळे.

आधुनिक वर्गीकरणही स्थिर नाही. अग्निमंथ व गंभारी पूर्वी निर्गुंडीच्या व्हर्बिनेसी कुलात गणले जात. पुढील संशोधनात, विशेषतः जनुकीय अभ्यासातून, त्यांचे नाते तुळशीच्या लॅमिएसी कुलाशी अधिक जवळचे ठरले आणि निर्गुंडीही त्याच कुलात गेली. जुन्या पुस्तकात एक कुल व नव्यात दुसरे दिसले, तर द्रव्य बदलले असे समजू नये.

व्यवहारात खरा धोका जातीच्या पायरीवर असतो. करोना साथीत गुळवेलीचा वापर वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या सदृश जातींशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व फुलाला तीन पाकळ्या. कॉर्डिफोलियाच्या खोडावर तशा गाठी नसतात, फुलाला सहा पाकळ्या असतात आणि पक्व फळ लाल असते. तो वाद येथे सोडवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रुग्णाने नेमके काय घेतले हे ठाऊक नसेल, तर औषधाला दोष देणाऱ्याचे आणि त्याचा कैवार घेणाऱ्याचे, दोघांचेही म्हणणे अधांतरीच राहते.

अशोकाच्या बाबतीत तर कुलच बदलते. खरा अशोक, सराका असोका, शिंबी कुलातील. त्याचे पान संयुक्त व फुले नारिंगी-तांबडी. रस्त्याच्या कडेला उंच वाढणारा, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा खोटा अशोक सीताफळाच्या कुलातील. दोघांच्या साली सुकल्यावर नुसत्या डोळ्यांनी निवाडा करणे कठीण. रक्तप्रदराच्या रुग्णेला अशोकारिष्ट देऊनही गुण येत नसेल, तर निदानाबरोबर सालीचीही शंका घ्यावी.

म्हणून आमची विनंती इतकीच की, खरेदीच्या नोंदीत मराठी व संस्कृत नावाबरोबर प्रजाती आणि जातीही लिहावी, पुरवठादाराकडून ती लेखी मागावी आणि प्रत्येक खेपेचा थोडा नमुना जपून ठेवावा. शंका आल्यास तो द्रव्यगुणाच्या वा वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावा. द्रव्याचे कर्म संहितेतून जाणावे. परंतु हाती आलेले द्रव्य तेच आहे, याची खात्री आधी करून घ्यावी.