कोडिंगच्या क्लासची फी भरण्याआधी

सेकंड पीयूसीचा निकाल लागला की खानापूर, हल्याळ, दांडेलीकडचे कितीतरी मराठी पालक मुलांना घेऊन हुबळी-धारवाडला येतात. आयआयटी धारवाड किंवा ट्रिपल आयटी मिळाली तर उत्तमच, नाहीतर केएलई टेक किंवा एसडीएम. ब्रँच मात्र कॉम्प्युटर सायन्सच, हे घरीच ठरलेलं असतं. मग प्रश्न येतो: कॉलेज सुरू होईपर्यंत मुलाला कोडिंगचं कोणतं ॲप घेऊन द्यावं, कोणता क्लास लावावा?

कोडअकॅडमी, फ्रीकोडकॅम्प, डब्ल्यूथ्रीस्कूल्स ही साधनं चांगली आहेत. ब्राउझरमध्येच एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, उत्तर समोर. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि चूक जागच्या जागी कळते. ज्या मुलाने कधी कोड पाहिलेला नाही, त्याची भीती मोडायला पहिला महिनाभर हेच वापरावं.

पण नोकरी करणारे प्रोग्रॅमर काय वापरतात? प्रोग्रॅमर जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात त्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळाच्या २०२४च्या पाहणीत जगभरातल्या सुमारे ६५ हजार जणांनी भाग घेतला. त्यात ऑनलाइन साधनांवरून शिकणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांनी टेक्निकल डॉक्युमेंटेशनचं नाव घेतलं. तो पर्याय सर्वांत वर होता. वरच्या ॲपसारखे इंटरॅक्टिव्ह धडे बरेच खाली. उत्तरं देणारे बहुतेक जण या धंद्यात मुरलेले होते, हे खरं. फक्त नवशिक्यांना विचारलं असतं तर क्रम बदललाही असता. पण तुमच्या मुलाला चार वर्षांनी याच लोकांच्या शेजारी बसून काम करायचं आहे.

डॉक्युमेंटेशन म्हणजे भाषा किंवा लायब्ररी (तयार कोडचा संच) बनवणाऱ्यांनीच तिच्याविषयी लिहून ठेवलेली अधिकृत माहिती. पायथॉनची सगळी माहिती नेटवर फुकट आहे. ती वाचल्याने काय फरक पडतो, ते एका नेहमीच्या चुकीवरून पाहा. मुलं गुणांची यादी क्रमाने लावायला ‘सॉर्ट’ वापरतात, त्याचं उत्तर त्याच नावात साठवतात आणि यादीच्या जागी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, पाहून गोंधळतात. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ‘सॉर्ट’ मूळ यादीच बदलतं आणि नवी यादी हवी असेल तर ‘सॉर्टेड’ वापरावं. दोन मिनिटांचं वाचन. ॲपमध्ये धडा आखलेला असतो, इशारे तयार असतात, हिरवी खूण मिळते. स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल सापडत नाही, लायब्ररी बसत नाही, तेव्हा तिथे इशारा द्यायला कोणी नसतं.

मराठी किंवा कन्नड माध्यमातली मुलं इथे इंग्रजीला बिचकतात. ही भीती मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती निराधार आहे. डॉक्युमेंटेशनचं इंग्रजी कादंबरीचं नसतं. रिटर्न्स, ऑप्शनल, डीफॉल्ट, एरर असे मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. पन्नासेक शब्द वहीत उतरवले की वाचन सोपं होतं. तोवर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चा आधार घ्या. सी, जावासारख्या विषयांचे त्यांचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि पाहता पाहता आपल्या मशीनवर करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे.

‘आता एआयच कोड लिहून देतं, वाचायचं कशाला?’ असंही विचारलं जातं. त्याच पाहणीच्या २०२५च्या फेरीत ८४ टक्के लोक एआय वापरत होते किंवा वापरणार होते. पण त्याच्या उत्तरांच्या अचूकतेवर विश्वास नाही, असं ४६ टक्क्यांनी सांगितलं. ते उत्तर पडताळायचं कुठे, तर पुन्हा डॉक्युमेंटेशनमध्येच.

तेव्हा मुलांनो, महिन्याभराने ॲपमधलेच प्रोग्रॅम स्वतःच्या लॅपटॉपवर पायथॉन बसवून पुन्हा लिहा आणि अडलात की आधी अधिकृत पान उघडा. पालकांनो, मुलाने मिळवलेली सर्टिफिकेटं मोजू नका. आज वाचलेलं एक पान त्याला मराठीत समजावून सांगायला लावा. आणि क्लासवाल्यांना फी देण्याआधी एकच विचारा: तुम्ही मुलांना डॉक्युमेंटेशन वाचायला शिकवता का? नीट उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे लॅपटॉपसाठी राखून ठेवा.